बालकांचा दमा : समज आणि सांभाळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विजय नगर, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका बालरोगतज्ज्ञाला व्याख्यानास उभे करणे हे आपल्या कार्यकारिणीचे धाडसच म्हणावयाचे. पन्नास वर्षांत या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून नाट्यसंगीतापर्यंत पुष्कळ काही ऐकले गेले. आज श्रोत्यांच्या वाट्याला खोकला आला आहे. तथापि विषय अगदीच परका नाही. गणेशोत्सवात मुलांच्या शर्यती सुरू झाल्या की दोन-तीन मुले कडेला खुर्चीवर बसलेली दिसतात. विचारले तर आई सांगते, "त्याला जरा कफाची प्रकृती आहे." त्या 'जरा'विषयी मला आज बोलावयाचे आहे.

आपल्या घरांतून 'दमा' हा शब्द सहसा उच्चारला जात नाही. छाती भरते, कफ होतो, हवा मानवत नाही, ॲलर्जिक ब्राँकायटिस आहे, अशी अनेक नावे आपण त्याला दिली आहेत, आणि आम्ही डॉक्टर मंडळींनीही आईबापांचे मन राखण्यासाठी त्यांत भर घातली आहे. 'दमा' म्हटले की ओसरीवर रात्रभर खोकत बसलेले आजोबा डोळ्यांपुढे येतात. त्या आजोबांचा आजार बहुधा विडीचा किंवा चुलीच्या धुराचा असे व तो निराळा. पण नाव टाळण्याची किंमत मूल मोजते. खोकल्याचे औषध पाच दिवस द्यावयाचे असते. दम्याचे काही महिने, क्वचित काही वर्षे. नावच चुकले की मुदतही चुकते.

दम्यात नेमके काय होते? फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या झाडाच्या फांद्यांप्रमाणे बारीक बारीक होत जातात. दमेकरी मुलाच्या या नळ्यांचे आतले अस्तर सतत थोडे सुजलेले असते. त्यात धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साधी सर्दी, यांपैकी काही निमित्त झाले की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते आणि चिकट बेडका साचतो. वाट तिन्ही बाजूंनी अरुंद होते. श्वास आत घेता येतो, पण बाहेर सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो व मूल थकून जाते. झटका ओसरला म्हणजे स्नायू सैल पडतात, मूल हसते-खेळते आणि आपण देवापुढे साखर ठेवतो. आतली सूज मात्र तशीच असते. माझे सारे व्याख्यान या एका वाक्यापुरतेच आहे, असे समजण्यास हरकत नाही.

पाच वर्षांखालील मुलांत निदान करणे कठीण असते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. लहानग्यांच्या नळ्या मुळातच अरुंद. साध्या सर्दीतही त्या वाजतात. अमेरिकेत टूसान येथे मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करून १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन वर्षांत छाती वाजलेल्या मुलांपैकी सुमारे साठ टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबलेला आढळला. म्हणून दोनदा छाती वाजली की कपाळाला हात लावू नये. पण खोकला रात्री किंवा पहाटे येतो, धावल्यावर व हसल्यावर येतो, सर्दी नसतानाही येतो, घरात कोणाला दमा, इसब किंवा सतत शिंका येण्याचा त्रास आहे, असे जेथे जुळून येते तेथे दम्याचा विचार केलाच पाहिजे. मूल साधारण सहा वर्षांचे झाले म्हणजे फुंकरीच्या यंत्रावर तपासणीही करता येते.

आता थोडे जुन्याकडे वळू. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'तमक' हा आपला दमा. आभाळ आले, पाऊस पडला, गारवा वाढला, पूर्वेचा वारा सुटला की तो वाढतो आणि रोग्याला आडवे होण्यापेक्षा बसून बरे वाटते, हे निरीक्षण आजच्या पाठ्यपुस्तकातही जसेच्या तसे घालता येईल. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो त्या ग्रंथाचा निवाडा. तमकश्वास नवा असेल तर साध्य, एरव्ही 'याप्य'. याप्य म्हणजे जोवर उपचार चालू तोवर आटोक्यात राहणारा. साध्य आणि असाध्य यांच्यामधले हे घर आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक बांधले होते. आपण मात्र ते विसरलो. आपल्याला एक तर 'मुळापासून' बरे करणारा वैद्य हवा असतो, नाही तर नशिबाला दोष द्यावयाचा असतो.

या 'मुळापासून'च्या ओढीनेच शरद पौर्णिमेच्या रात्री दमेकऱ्यांची पावले चित्रकूटकडे वळतात. चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून औषध घ्यावयाचे आणि रात्र जागून काढावयाची. आपण ज्या रात्री कोजागिरीचे दूध आटवतो, तीच ही रात्र. हैदराबादला मृग नक्षत्राच्या सुमारास जिवंत मासा गिळण्यासाठी लोटणारी गर्दीही अशीच. श्रद्धेवर टीका करण्याचा अधिकार मला नाही, आणि चांदण्यातल्या खिरीने कोणाचे नुकसान होते असेही मी म्हणत नाही. नुकसान होते ते पुढे. खीर घेतली, आता मूल बरे झाले, असे मानून रोजचे औषध बंद होते, आणि ऐन कार्तिकातील गारठ्यात ते मूल आमच्याकडे मध्यरात्री येते. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी अवश्य जावे. पिशवीत इन्हेलर असावा आणि परत आल्यावरही तो चालू राहावा, एवढेच मागणे.

औषधांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. धोत्र्याची पाने जाळून तो धूर दम्यावर घेण्याची रीत आपल्या देशात जुनी. १८०२ च्या सुमारास ती मद्रासहून विलायतेत गेली आणि तिकडचे लोक शंभरेक वर्षे दम्यासाठी सिगारेटी ओढीत राहिले! धोत्र्यातील द्रव्याच्याच वंशातले एक सुधारलेले औषध आजही तीव्र झटक्यात वाफेतून देतात. अडुळशातील व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्झिन हे बेडका पातळ करणारे औषध निघाले. पण अडुळशाने नळीची सूज उतरत नाही, म्हणून आजीच्या काढ्याला मान द्यावा, काम दुसऱ्याला सांगावे. (धोत्रा मात्र घरी कोणी हाताळू नये; तो विषारी आहे.) इन्हेलरची कथा १९५५ ची. अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या अध्यक्षांची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. तिने वडिलांना विचारले, केसांवर मारण्याचा फवारा डब्यात मिळतो, मग माझे औषध तसे का मिळत नाही? पुढच्याच वर्षी तसा फवारा बाजारात आला. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आले आणि १९७२ मध्ये श्वासातून घेण्याचे स्टेरॉइड.

ही शेवटची दोन औषधे म्हणजे दम्याच्या उपचाराचे दोन हात होत. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू पाच-दहा मिनिटांत सैल करते. मूल मोकळे होते, आईचा जीव भांड्यात पडतो. स्टेरॉइड हळूहळू, दिवसांनी आणि आठवड्यांनी सूज उतरवते. त्याचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. साहजिकच घराघरांत पहिले आवडते झाले आणि दुसरे मागे पडले. येथेच घात होतो. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दिवस काढणे म्हणजे छपराची गळती न बुजवता खाली बादली ठेवणे. २०१९ मध्ये 'जिना' या दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने स्पष्ट सांगितले की बारा वर्षांवरील कोणाही दमेकऱ्याला सूज उतरवणाऱ्या औषधाशिवाय केवळ तात्पुरत्या आरामाचा फवारा देऊ नये. त्याहून लहान मुलांत मात्रा व पद्धत वेगळी. ती आपल्या डॉक्टरांनी ठरवावी. त्याच वर्षीच्या जागतिक अंदाजाप्रमाणे जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. आपला दमा काही जगावेगळा नाही. हा फरक बव्हंशी न घेतलेल्या औषधाचा आहे.

औषध का घेतले जात नाही, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. पंपाची सवय लागते, म्हणतात. चष्म्याची लागते तितकीच! स्टेरॉइडने वाढ खुंटते, ही शंका अधिक गंभीर आहे आणि तिला सरळ उत्तर दिले पाहिजे. लहान मुलाला श्वासातून मिळणारे बुडेसोनाइड पुष्कळदा दिवसाला दोनशे मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा असते. उलट दमा आटोक्याबाहेर जाऊन झटका आला तर वीस किलो वजनाच्या मुलाला पोटातून द्यावयाचे स्टेरॉइड दिवसाला किमान वीस मिलिग्रॅम होते. औषधे वेगळी असल्याने तुलना ढोबळ आहे, पण कोणत्या घरात स्टेरॉइड जास्त जाते ते यावरून कळेल. अमेरिकेत ज्या मुलांना चार-सहा वर्षे रोज बुडेसोनाइड दिले त्यांची प्रौढपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम आहे, तो अर्ध्या इंचाहून कमी आहे. रात्र रात्र न झोपणारे, वर्षातून महिनाभर शाळा बुडवणारे मूल याहून अधिक काही गमावते. फवारा घेतल्यावर चूळ भरली म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येण्याचा त्रासही टळतो.

तिसरे कारण कोणी मोठ्याने सांगत नाही. एक चौदा वर्षांची मुलगी स्नानगृहात दार लावून फवारा घेत असे, कारण घरी पाहुणे होते आणि 'उद्या स्थळे यायची आहेत.' चौदाव्या वर्षी! मुलाच्या बाबतीत ही काळजी मी क्वचितच पाहिली. बंधुभगिनींनो, ज्या घरात पंप लपवावा लागतो त्या घरात औषधाची वेळ चुकते, आणि मुलीला स्वतःच्या श्वासाची लाज वाटू लागते. याला औषध माझ्या पेटीत नाही.

औषध योग्य असूनही उपयोग होत नाही, अशी तक्रार आली की मी प्रथम फवारा घेऊन दाखवावयास सांगतो. निम्मे औषध जिभेवर, उरलेले हवेत! लहान मुलाला थेट तोंडात फवारा देऊ नये. मध्ये स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळकांडी लावावी, आणि चार वर्षांखालील बाळाला त्यावर मुखवटा. इन्हेलर हलवावा, एक फवारा सोडावा, मुलाने त्यातून सावकाश पाच-सहा श्वास घ्यावेत. मग दुसरा फवारा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास आतल्या प्लास्टिकवर विद्युतभार येतो व औषध तेथेच चिकटते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की अर्धा लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी इन्हेलरच्या तोंडाएवढे नेमके भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्याइतकाच काम देतो. प्रवासात स्पेसर विसरला तर हे लक्षात असू द्यावे.

आता आपल्या जबलपूरच्या हवेविषयी. विजय नगरासारख्या वाढत्या वसाहतीत बांधकामाची धूळ आहेच. शिवाय रिकाम्या भूखंडांवर पावसाळ्यात उगवते ते गाजरगवत, महाराष्ट्रात ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. ते या देशात प्रथम नजरेस आले १९५५ च्या सुमारास आणि तेही पुण्यात. म्हणजे येथे आलेल्या मराठी मंडळींपैकी हेही एक! त्याचे पराग नाकाला, त्वचेला आणि काहींच्या छातीला बाधतात. सुदैवाने देशातील तणविज्ञानाची मुख्य संशोधनसंस्था १९८९ पासून आपल्याच गावी, महाराजपूरला आहे. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे सोडण्याचे काम व ऑगस्टमधील जागृती सप्ताह यांसाठी तिची मदत मागता येते. गवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, मोठ्यांनी उपटावे; श्रमदानात दमेकरी मुलांना पुढे करू नये. गव्हाची कापणी झाली की भोवतालच्या शेतांत नरवाई जाळतात. त्या दिवसांत संध्याकाळी खिडक्या लावाव्यात. उन्हाळ्यात कूलरची ओलसर खस बुरशीचे माहेर होते. हंगामाच्या आरंभी ती बदलावी, टाकी आठवड्याला घासून कोरडी करावी.

पण बाहेरच्या धुळीला नावे ठेवताना घरातले विसरू नये. आजोळहून आलेल्या जुन्या कापसाच्या गादीत डोळ्यांना न दिसणारे किडे लाखांनी असतात. गादी-उशी कडक उन्हात टाकावी, अभ्रे कढत पाण्यात धुवावेत, मुलाच्या अंथरुणावर कापूस पिंजलेली गोधडी नसावी. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि बाळाला दिली जाणारी ओवा-वावडिंगाची धुरी यांविषयी मी ज्येष्ठ भगिनींची मनधरणी करतो: उबेसाठी कपडे पुरेत, धूर नको. २००३ मधील एका प्रयोगात डासांची एक कॉइल जळताना निघालेले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. ती उशाशी लावून आपण मुलाला धूळ टाळावयास सांगतो! मच्छरदाणी बरी. केळे, दही, पेरू, ताक या साऱ्यांवर सरसकट बंदी घालण्यास मात्र आधार नाही. जे खाऊन त्रास झाल्याचे पुन्हा पुन्हा दिसले तेवढेच टाळावे.

घरापासून दूर राहणाऱ्यांची एक अडचण निराळी आहे. महाराष्ट्रातून बदलीवर आलेले एक कुटुंब. मुलगा आठ वर्षांचा. सामानाच्या धांदलीत जुन्या डॉक्टरांचे कागद राहून गेले, रोजचा इन्हेलर संपला, आणि मुलगा उत्तम खेळत असल्याने नवा आणला गेला नाही. तीन आठवड्यांनी, कार्तिकात, वडील दौऱ्यावर असताना रात्री झटका आला. आई अर्ध्या-अर्ध्या तासाने साल्ब्युटामॉल देत पहाटेची वाट पाहत बसली. हिंदी बेताची, शेजार नवा, कोणाचे दार वाजवावे ते कळेना. अखेर आवाज ऐकून शेजारची वृद्ध बाई स्वतःच आली. मुलाकडे पाहताच म्हणाली, "बहू, इसकी तो पसली चल रही है," आणि तिने आपल्या मुलाला गाडी काढावयास लावली. तो मुलगा वाचला. आता कॉलेजात आहे. पण रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याच्या छातीतला शिट्टीचा आवाज थांबला होता आणि आईला वाटले होते की तो बरा होत आहे. हवाच आत जात नसेल तर शिट्टी वाजणार कोठून?

म्हणून झटक्याच्या रात्रीचे नीट ऐका. मुलाला निजवू नका, बसते ठेवा. स्पेसरमधून साल्ब्युटामॉल द्या, डॉक्टरांनी लिहून दिले असेल तितके; साधारणपणे दोन ते चार फवारे, एकेक करून. वीस मिनिटांत आराम नसेल तर पुन्हा द्या आणि त्याच वेळी निघा. वाटेतही देत राहा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, ते गुंगीत जात असेल, तर वीस मिनिटेही थांबू नका. मिळालेला आराम तीन-चार तास टिकला नाही, तरीही सकाळची वाट पाहू नका. हे सारे आपल्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावे. एक प्रत फ्रीजवर, एक दप्तरात, एक वर्गशिक्षिकेकडे. बदली झाली तर हा कागद शाळेच्या दाखल्याबरोबर जावा.

शर्यतीच्या कडेला बसलेल्या मुलांकडे परत जाऊ. आटोक्यातला दमा मुलाला खेळातून बाद करीत नाही. इंग्लंडचा स्टुअर्ट ब्रॉड दमेकरी असूनही ६०४ कसोटी बळी घेऊन २०२३ मध्ये निवृत्त झाला. ज्याला धावल्यावर त्रास होतो त्याने आधी डॉक्टरांना विचारून फवारा घ्यावा, सावकाश अंग तापवावे आणि धावावे. रोजचे औषध घेऊनही धावता येत नसेल, तर औषध, मात्रा किंवा घेण्याची पद्धत यांत काही तरी चुकते आहे असे समजून पुन्हा दाखवावे.

मंडळाकडे माझ्या तीन विनंत्या आहेत. बंद सभागृहातील आरतीत कापूर व धूप बेताने असावा आणि दारे उघडी असावीत. उत्सवाच्या प्रथमोपचार पेटीत एक साल्ब्युटामॉल इन्हेलर व स्पेसर असावा, आणि तो वापरू शकणारे चार स्वयंसेवक. आणि बदलीवर आलेल्या प्रत्येक नव्या कुटुंबाला मंडळाच्या वर्गणीची पावती देताना, रात्री दार वाजवता येईल अशा दोन घरांचे पत्तेही द्यावेत.

आता भाषण पुरे. मागच्या खोलीत मी दोन स्पेसर आणून ठेवले आहेत. ज्यांनी मुलांचे इन्हेलर बरोबर आणले असतील त्यांनी ते घेऊन यावे, मुलांनाही आणावे. प्रत्येकाने एकदा घेऊन दाखवावे. डबीवर आकडा असेल तर तो पाहावा. आकडा नसेल तर आतून फुस् आवाज येतो म्हणून औषध आहे असे समजू नये. औषध संपल्यावरही वायू उरतो. नवी डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून फवारे मोजणे, हाच त्यावर उपाय.